दारावरची मोकळी जागा

आमच्या लिपोवो गावात माणूस घराबाहेर पडला की आधी दार वाचतो. इमारतीचं मुख्य दार, विजेचा खांब, बसस्टँडची भिंत, बेकरीशेजारचं म्हातारं झाड, जिथे म्हणून कागद चिकटेल तिथे आमच्याकडे गेलेली माणसं लावलेली असतात. काळी चौकट, मध्ये फोटो, खाली चार ओळी आणि तळाला शोक करणाऱ्यांची नावं. पहिल्या कागदाचं नाव 'दुःखद वार्ता'. चाळिसाव्या दिवशी दुसरा लागतो, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने, आणि पुढे घरच्यांची उमेद असेल तितकी वर्षं. या मागाहूनच्या कागदांना कुणी वार्ता म्हणत नाही. त्यांना म्हणायचं 'आठवण'. पाव आणायला निघालेल्या बायका एकमेकींना विचारतात, "आज कुणाची आठवण लागलीय गं?"

चिठ्ठी निराळी. चिठ्ठी जिवंत माणसाची. दाराच्या फटीत खोचलेली, नाहीतर दुकानाच्या काचेला आतून डकवलेली. 'आलोच.' 'किल्ली शेजारी.' 'येऊन गेलो, तुम्ही नव्हतात.' टेलिफोनसाठी अर्ज करून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसायचे, तेव्हा सगळं लिपोवो या चिठ्ठ्यांवर चालायचं. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि कुणी कुणाच्या दाराशी जात नाही, त्यामुळे चिठ्ठ्या गेल्या. आठवणी तेवढ्या उरल्या.

दोन्काचं बालपण असल्या चिठ्ठ्यांवरच गेलं. तेव्हा ते लोक ग्रादिनाला राहायचे, इथून बसने अर्ध्या तासावरचं खेडं. बाप लवकर गेलेला. आई रायना लिपोवोतल्या जॅमच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला होती. मुलं उठायची तेव्हा ती घरात नसायची, पण टेबलावर मिठाच्या बरणीखाली तिचा कागद असायचा. कागद म्हणजे बाटलीवर लावायचं लेबल. उलटं केलं की जर्दाळू नाहीतर आलुबुखार, आणि कोऱ्या बाजूला आईचं शिसपेन्सिलीचं अक्षर:

'गेन्चो, दोन्का. दूध खिडकीत आहे. गेन्चोने पाव आणायचा. दोन्काने कोंबड्यांना दाणे घालायचे. चुलीला हात लावू नका. भांडू नका.'

गेन्चो तिचा भाऊ, दोन वर्षांनी मोठा. चिठ्ठीत पहिलं नाव कुणाचं यावरूनही दोघं एकमेकांच्या झिंज्या उपटायची, म्हणून रायना एक दिवस त्याचं नाव आधी लिहायची आणि दुसऱ्या दिवशी तिचं. "आज माझा दिवस!" असं ओरडतच पोरं उठायची. शेवटची ओळ मात्र कधी बदलली नाही आणि कधी पाळलीही गेली नाही.

पुढे गेन्चोने ग्रादिनाचं घर धरलं, स्तेफ्काशी लग्न केलं, मुलं झाली. दोन्काचंही लग्न झालं, पण टिकलं नाही. ती लिपोवोत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली आणि आई थकली तेव्हा तिला तिने आपल्याकडे आणलं. मग चिठ्ठ्या उलट्या दिशेने सुरू झाल्या. दोन्का शिवणकामाच्या कारखान्यात निघताना लिहून ठेवायची, 'आई, गॅस बंद केलाय. सूप झाकलंय. दार कुणाला उघडू नकोस. मी येतेच.' रायनाला तोवर फारसं काही आठवत नव्हतं. पण एकदा दोन्का घरी आली तर तिच्या चिठ्ठीखाली थरथरत्या अक्षरात दोन शब्द होते: भांडू नका. घरात दुसरं कुणी नव्हतं. भांडणार कोण आणि कुणाशी? त्या दिवशी दोन्का स्वयंपाकघरात उभी राहून हमसून हमसून रडली.

रायना गेली ती सप्टेंबरात, हिवाळ्यासाठी गोड्या मिरच्या भाजून ठेवायच्या दिवसांत. दोन्का आईला आंघोळ घालत होती, नवे कपडे चढवत होती, तेव्हा कागदाचं काम गेन्चोने अंगावर घेतलं. स्टेशनरोडला पाव्लिनचं दुकान आहे. तो किल्ल्या करतो, झेरॉक्स काढतो आणि काळ्या चौकटीतले कागदही छापतो. संध्याकाळी दोन्का दूध आणायला खाली उतरली. दारावर आई लागली होती, डोक्याला रुमाल बांधलेली, ओळखपत्रावरच्या रागीट फोटोतली. तळाला लिहिलं होतं: 'शोकाकुल: मुलगा गेन्चो, सून स्तेफ्का, नातवंडं आणि इतर आप्त.'

दोन्काने ते पुन्हा वाचलं. दाराच्या आत राहणारी, आईचं सगळं केलेली मुलगी, आणि तिच्याच दारावर ती 'इतर' होती. खांबाखांबावर, बेकरीपाशी, बसस्टँडवर, सगळीकडे ती इतर होती.

दफनानंतरचं जेवण सुरू झालं. दोन्का पावाची टोपली सरकवत म्हणाली, "स्तेफ्का वहिनी, इतरांनाही एक तुकडा द्या हो."

गेन्चोचा चेहरा लाल झाला. "आज तरी तोंड आवर, दोन्के. एका कागदावरून आईच्या जेवणाला तमाशा करतेस?"

"तमाशा तू केलास. खांबाखांबावर लावून."

"घाईत होतो मी! आई गेली होती माझी!"

"तुझी गेली ना? माझी कुठे गेली! मी इतर!"

ती उठली ती निघूनच आली. चाळिसाव्या दिवशी तिने स्वतःचा कागद छापून घेतला. त्यावर फोटो कारखान्यातला, ॲप्रन घातलेली तरुण रायना खदखदून हसताना, आणि खाली एकच नाव: 'मुलगी दोन्का.' दाराच्या डाव्या बाजूला तिने तो टाचण्यांनी लावला. पाठोपाठ उजव्या बाजूला गेन्चोचा लागला, रुमालवाला, खाकी टेपने. तेव्हापासून दर सप्टेंबरात लिपोवोच्या त्या दारावर दोन रायना शेजारी शेजारी लागायच्या, एक हसरी आणि एक रागीट. लोक थांबून दोन्ही वाचायचे, कुणाचा मजकूर बरा ते ठरवायचे. लोकांना काय, फुकटचं वाचन.

तळमजल्यावरच्या स्ताना आजीचा तर बाक दारालाच लागून. सूर्यफुलाच्या बिया फोडत ती सकाळ-संध्याकाळ दार वाचते, वर्तमानपत्र लावण्याची तिला गरज पडत नाही. दुसऱ्याच कागदाला ती दोन्काला म्हणाली होती, "बघितलंस का? त्याने तुझं नाव पहिलं घातलंय. 'मुलगी दोन्का, मुलगा गेन्चो.' स्वतःच्या वर."

"खांबाखांबावर चुकायचं आणि एका दारावर सुधारायचं होय?"

"आणि तू? तुझ्या कागदावर त्याचं नाव कुठाय?"

"माझा कागद, माझी मर्जी," दोन्का म्हणाली आणि जिना चढली. त्यावर स्ताना आजी बियांची फोलं थुंकत जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशी नऊ वर्षं गेली. गेन्चो दर वर्षी आईच्या दिवशी पहिल्या बसने यायचा. दोन्का पडद्याआड उभी असायची. खालून टेप फाडल्याचा आवाज यायचा, खर्र, खर्र. मग तो थोडा वेळ उभा राहायचा, टोपी काढायचा, परत घालायचा आणि निघून जायचा. बेलला त्याने कधी बोट लावलं नाही आणि तिने कधी खिडकी उघडली नाही. पण तिला त्या कागदातून सगळं कळायचं. एका वर्षी कागद तिरका लागला, म्हणजे डोळ्याला काहीतरी झालंय. एकदा खाली नातवंडांच्या जोडीला 'पतवंड' आलं, तेव्हा ती दिवसभर उगाचच खुशीत होती. एकदा कागद नेहमीपेक्षा खाली लागला, आणि हात वर जात नाही वाटतं, असं म्हणून ती रात्री जेवली नाही. तोंडाने म्हणायची, येतो आणि दार घाण करून जातो. आणि स्वतःचा कागद लावताना उजवीकडची जागा न चुकता मोकळी सोडायची, टाचणीसुद्धा पलीकडे जाऊ द्यायची नाही.

या वर्षीही तिने सोडली. गहू उकडून, साखर-अक्रोड घालून शेजाऱ्यांना वाटले, "देव रायनाला क्षमा करो" असं प्रत्येकाने म्हटलं. पहिली बस आली आणि गेली. टेपचा आवाज आला नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशीही दाराची उजवी बाजू तशीच, हिरव्या रंगाचे पोपडे दाखवत.

"आला नाही," स्ताना आजी म्हणाली.

"नाही तर नाही. मला काय त्याचं."

"हो ना, तुला काय त्याचं. म्हणूनच सकाळपासून चौथ्यांदा कचरा टाकायला उतरलीस."

दोन्का तडक पाव्लिनच्या दुकानात गेली. पाव्लिन किल्ली घासत होता. "गेन्चो? नाही बुवा, या वर्षी ऑर्डर नाही त्याची. मला वाटलं, मिटलं वाटतं तुमचं." त्याने नंबर दिला. दोन्काने लावला. फोन वाजला, वाजला आणि बंद पडला. पुन्हा लावला. तेच.

आता आमच्याकडे एखादा माणूस आहे की गेला हे कळायला कुणी कुणाला विचारत बसत नाही. भिंत वाचायची. बसस्टँडच्या भिंतीवर आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांचे कागद लागतात. दोन्का एका टोकापासून सुरू झाली, चष्मा पुसत, ओळीने. एवढी माणसं या उन्हाळ्यात गेली आणि आपल्याला पत्ताच नाही, असं तिच्या मनात येत होतं, आणि तेवढ्यात एका कोपऱ्यात 'आमचा प्रिय गेन्चो' हे शब्द दिसले. फोटोवर आणि आडनावावर कुणीतरी 'सरपण विकणे आहे' अशी जाहिरात चिकटवली होती. नखाने ती जाहिरात खरवडू लागली. कागद फाटत होता, नख तुटलं, आणि खालून एक ढेरपोट्या, मिशीवाला, चौऱ्याऐंशी वर्षांचा परका गेन्चो बाहेर आला.

"देवा, तुझे उपकार!" ती मोठ्याने म्हणाली. मग परक्याच्या मरणाचा आनंद झाला म्हणून शरमली, छातीवर क्रूस केला आणि त्या मिशीवाल्याची मनापासून माफी मागितली.

तरी तिचं मन थाऱ्यावर येईना. भिंतीवर नाही याचा अर्थ इतकाच की अजून लागला नाही. ग्रादिनाची बस सुटायला वेळ होता. ती घरी आली, डबाभर उकडलेले गहू घेतले आणि दुपारी मीटर वाचायला माणूस येणार होता हे आठवून कागद ओढला. 'किल्ली तळमजल्यावर, स्तानाकडे. मी गेन्चोकडे गेले आहे.' लिहून झालं आणि ती स्वतःच्याच अक्षराकडे बघत राहिली. हे वाक्य एके काळी ती आठवड्यातून दोनदा लिहायची. दाराच्या फटीत चिठ्ठी खोचून ती उतरली. ती बसपर्यंत पोचायच्या आत स्ताना आजी चिठ्ठी वाचायला दुसऱ्या मजल्यावर चढली असणार, गुडघे दुखत असूनसुद्धा.

ग्रादिनात दोन्काने आधी फाटक बघितलं. लाकडी फळ्यांवर आईचे जुने कागद होते, उन्हाने पांढरे पडलेले. नवा एकही नव्हता. तिने श्वास सोडला. अंगणातून भाजलेल्या मिरच्यांचा वास येत होता, आणि भट्टीजवळ बुटक्या स्टुलावर, ढिगाने लाल, जाड गोड्या मिरच्या पुढ्यात घेऊन, कोपरापर्यंत काळा झालेला गेन्चो साली काढत बसला होता.

"जिवंत आहेस?" दोन्का फाटकातूनच ओरडली.

गेन्चोने मान वर केली. हातातली मिरची खाली पडली. "तुला काय वाटलं?"

"मला काय वाटलं! अख्खं बसस्टँड वाचून आले मी, गाढवा! एका परक्या म्हाताऱ्याचं तोंड खरवडून काढलं! फोन का उचलत नाहीस?"

"हात बघ माझे. फोन घरात आहे."

"आणि कागद? कागद का नाही लावलास?"

आवाज ऐकून स्तेफ्का बाहेर आली. दोन्काला बघून तिने तोंडावर पदर धरावा तसा ॲप्रन धरला, मग काही न बोलता आतून दुसरं स्टूल आणलं आणि नणंदेच्या पुढ्यात ठेवलं. "बसा. भांडायचं असेल तर साली काढत भांडा. संध्याकाळच्या आत ही दोन पोती संपवायचीयेत मला." असं म्हणून ती आत गेली, पण दार तिने लावलं नाही.

दोन्का बसली. मिरची हातात घेतली. तिची साल ओढून काढली.

"गेल्या वर्षी मी खाली उभा होतो," गेन्चो म्हणाला. "दोन बायका वाचत होत्या. एक म्हणाली, ही रायना दोनदा मेली वाटतं. आणि हसल्या दोघी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, दोन्के. नऊ वर्षं आपण आईला दारावर समोरासमोर उभं करून भांडतोय. म्हटलं, एकाने तरी थांबावं. आईला तू सांभाळलंस, दार तुझं, तर कागदही तुझाच राहू दे. म्हणून जागा सोडली तुला."

"जागा सोडली! अरे, थांबलास तर सांगायचं तरी!"

"सांगणार कसं? बोलत कुठे होतो आपण?"

"चिठ्ठी टाकायची!"

हे मात्र गेन्चोला सुचलंच नव्हतं. तो ओशाळून हसला, मग हसू गेलं. "तो पहिला कागद मी वाचलाच नव्हता. पाव्लिनकडे ठरलेला मजकूर असतो. त्याने विचारलं, नेहमीसारखंच? मी म्हटलं, नेहमीसारखंच. तुझं नाव नाही हे मला तू जेवताना बोललीस तेव्हा कळलं. आणि तेव्हा सगळ्यांसमोर कबूल करायचं म्हणजे..."

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. दर वर्षी. तुझं नाव पहिलं."

दोन्काच्या हातातली मिरची तशीच राहिली. "वाचलं होतं मी ते," ती हळूच म्हणाली. "पहिल्याच वेळी वाचलं होतं. आणि तुझं नाव मी एकदाही नाही घातलं."

"तेही मी वाचलं," गेन्चो म्हणाला. "दर वर्षी."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यानेच तिला रडू फुटलं. तिने काळ्या हातांनी डोळे पुसले, तोंडभर काजळी झाली. गेन्चोने तिला टॉवेल दिला, तो तिच्या तोंडाहून काळा होता.

"आज कुणाचा दिवस आहे रे?" तिने नाक ओढत विचारलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं. "तुझा घे."

"माझा नको. नऊ वर्षं माझाच होता. आता पुढची नऊ वर्षं तुझं नाव आधी."

"म्हणजे आणखी नऊ वर्षं जगायला लावतेस मला."

"लावतेच. आणि कागद लावायला यायचं. नाही आलास तर बघ."

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून पाव्लिनच्या दुकानात गेली. पाव्लिनने दोघांना एकदम दारात बघितलं आणि हातातली किल्ली खाली ठेवली. "नेहमीसारखंच?" त्याने विचारलं.

"नाही!" दोघं एका सुरात ओरडली.

मजकूर त्यांनी घरूनच लिहून आणला होता, मिरचीचे डाग पडलेल्या कागदावर. फोटोवरून मात्र तिथल्या तिथे जुंपली. तिला हसरी आई हवी होती. तो म्हणत होता, आई आयुष्यात एवढी एकदाच हसली, बाकी सगळा काळ ती रुमालवालीच होती. शेवटी पाव्लिनने वैतागून दोन्ही फोटो शेजारी शेजारी टाकले. "चौकटीत दोन माणसं दिसतायत," तो कुरकुरला, "पण तुमच्या तोंडी कोण लागणार?"

दारापाशी गेन्चोने टेप काढली आणि दोन्काने टाचण्या, आणि पुन्हा दोन मिनिटं तुझं-माझं झालं. अखेर कागद दाराच्या मधोमध लागला, वरून टेप आणि खालून टाचण्या. स्ताना आजी बाकावरून उठली, चष्मा चढवला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी वाचू लागली:

"'आई. दूध प्यायलो. पाव आणला. कोंबड्यांना दाणे घातले. चुलीला हात लावला नाही. भांडत नाही. गेन्चो, दोन्का.'"

तिने चष्मा काढला. "आता हे काय आहे? ही आठवण आहे की चिठ्ठी?"

"चिठ्ठी," दोन्का म्हणाली.

"आणि 'भांडत नाही' म्हणे! आत्ता माझ्या कानांनी ऐकलं टाचण्यांवरून. मेलेल्या बाईशी खोटं बोलता!" पण हे बोलता बोलता ती तोंड फिरवून बिया शोधायला लागली.

गेन्चोने टोपी काढली, थोडा वेळ उभा राहिला, परत घातली. मग नऊ वर्षांच्या सवयीने तो बसस्टँडच्या दिशेने वळला.

"कुठे निघालास?" दोन्काने विचारलं.

"बस..."

"बेल दाब."

"अगं, तू तर इथे उभी आहेस."

"दाब म्हणते ना."

त्याने बोट पुढे केलं, बेलच्या रांगेत तिचं नाव शोधलं आणि दाबली. वर, रिकाम्या घरात, बेल वाजली. दोघं खाली उभी राहून ऐकत होती.

"कोण आहे?" दोन्का म्हणाली.

"मी," तो म्हणाला. "गेन्चो."

"ये वर. सूप झाकून ठेवलंय."